साडेसतरा इंच

आमच्या वर्गात खुर्ची तयार झाली की ती आधी छपरावर जायची. मास्तर शिडी लावून ती टिनाच्या शेडवर नेत, काठाशी उभे राहत, खाली कोणी नाही ना हे दोनदा पाहत आणि सोडून देत. फेकत नसत, नुसती सोडत. खाली मुरमाची जमीन होती. पडून सांधे जसेच्या तसे राहिले तर ती खुर्ची. एखादा जरी उघडला तर ते लाकूड, आणि करणाऱ्याने ते उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापा, तुमचं काय जाते. दोन खुर्च्या, एक चौरंग आणि एक पाळणा, चारही माझ्या हातचे, मी त्या छपरावरून पडताना पाहिले आहेत. पाळण्याच्या वेळी शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधल्या बाया काम सोडून पाहायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीने तो सुटताना पाहून डोळ्यांवर पदर घेतला. पाळण्याला काही झालं नाही. मास्तर वरूनच म्हणाले की आता यात लेकरू ठेवाले हरकत नाही, आणि खाली उतरले.

वणीला तेव्हा एक लहानशी औद्योगिक शाळा होती. सातवी पास झालेल्याला तिथे तीन वर्षांत सुतारकामाचं नाही तर लोहारकामाचं प्रमाणपत्र मिळे. मास्तर सुतारकाम शिकवत. पन्नाशीला आलेला काटक माणूस, खाकी अर्धी पँट, वर बंडी आणि दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. उजव्या कानावरची लाकडासाठी, डाव्या कानावरची सरकारसाठी. हजेरीपट, मागणीपत्रक, रजेचा अर्ज, सगळं डाव्या पेन्सिलीने. एकदा घाईत डावी पेन्सिल फळीवर चालली, तर त्यांनी ती रेघ रंध्याने काढली आणि त्याच जागी उजव्या पेन्सिलीने पुन्हा मारली. रेघ तीच होती. पण आम्हाला ते तेव्हा वेडेपणाचं वाटलं नाही, कारण रोज पाहून सवय झाली होती.

खिळ्यांशी त्यांचं वैर होतं. शाळेला सरकारकडून दरसाल खिळ्यांची पेटी यायची. ती ते सही करून घेत, कुलूप लावून ठेवत आणि पुढच्या सालच्या पेटीसाठी जागा करत. खिळा ठोकला म्हणजे सांधा जमला नाही याची कबुली दिली, असं त्यांचं म्हणणं. अशा आठ-दहा पेट्या तिथे न उघडता गंजत पडल्या होत्या.

आणि नावं. मास्तरांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, बैठक लक्षात राही. बैठक म्हणजे गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचं अंतर. समोर कोणीही आला की मास्तर आधी त्याच्या गुडघ्याकडे पाहत, मग तोंडाकडे. एकदा शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले. मास्तरांनी त्यांना वरून खालून पाहिलं आणि आदराने सांगितलं की साहेब, तुम्ही सोळाचे, हाफिसात तुमचे पाय लोंबकळत असतीन, पायाखाली पाट घेत जा. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण पुढच्या वर्षी तपासणीला दुसरे साहेब आले. ते अठराचे होते.

मास्तरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या साडेपंधरा. एकदा त्यांनी मला ताकाचा पेला देत देत सांगितलं, काही तक्रारीच्या सुरात नाही, की लग्नाला चोवीस वर्षं झाली, या माणसानं माझं नाव दोनदाच घेतलं, एकदा लग्नात आणि एकदा मी आजारी होते तेव्हा. नाव घेतलं तेव्हा मी घाबरलेच, म्हणे.

मी साडेसतरा. पहिल्या दिवशी दारातून आत शिरलो तेव्हाच ते म्हणाले, ये साडेसतरा, तो रंधा उचल. तीन वर्षं मला दुसरं नाव नव्हतं.

माझं घर राजूरला. वडील कोळशाच्या खाणीत खाली उतरून कोळसा भरायचं काम करत. छप्पन साली आमच्या घराने धम्म घेतला. बाबा दीक्षा घेऊन परत आले, भिंतीवरच्या तसबिरी आईच्या मदतीने उतरवल्या, भिंत सारवून घेतली आणि मला समोर बसवलं. घरातला एक जण बी.ए. झाला पाहिजे, आणि तो एक जण म्हणजे मी, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी तेव्हा सुतारकामाच्या पहिल्या वर्षाला होतो. त्याआधी सातवी करून दोन साल खाणीच्या तोंडाशी वरकाम केलं होतं. मॅट्रिकचं नाव घराने ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, बाबा, मी सुतार होऊन राह्यलो. ते म्हणाले, हो ना. मंग बी.ए. हो. आणि मग ते जे म्हणाले ते मी जन्मात विसरणार नाही.

"तू बी.ए. झाला का मी खाली उतरनं सोडतो. तवर उतरतो."

आता बघा, बापाने असं बोलून ठेवल्यावर माणसाला झोप कशी लागेल? माझं एकेक साल म्हणजे त्यांचं एकेक साल जमिनीखाली. हा हिशोब मी रोज करायचो.

मास्तरांना मी हे सांगितलं नव्हतं. फक्त बी.ए. व्हायचं आहे, एवढं सांगितलं होतं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी डाव्या कानावरची पेन्सिल काढली आणि पोस्टाने विद्यापीठाचं माहितीपत्रक मागवलं.

माहितीपत्रक आलं तेव्हा मी पहिल्या श्रेणीत पास होऊन प्रमाणपत्र हातात घेतलं होतं. मास्तरांनी ते पुस्तक तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी मला बोलावून एक ओळ दाखवली, खाली रेघ मारलेली. प्रवेशासाठी मॅट्रिक, किंवा विद्यापीठाने तिच्या बरोबरीची मानलेली परीक्षा. मास्तरांचं म्हणणं साधं होतं. आपली परीक्षा तीन वर्षांची, मॅट्रिकवाला तीन तास बसून कागद काळा करते. बरोबरीची नाही म्हणाचं असन तं कशात कमी हाये ते त्याईनं सांगावं.

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. मॅट्रिक म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी म्हटलं की माझे हातपाय गार पडत. या एका ओळीने इंग्रजी टळत होतं आणि वर दोन-तीन सालं वाचत होती. मी अर्ज भरला, प्रमाणपत्राची नक्कल जोडली आणि पाठवून दिला. दीड महिन्याने छापील चिठ्ठी आली की आपला अर्ज नियमात बसत नाही.

मास्तरांनी ती चिठ्ठी उलटीपालटी केली. बसत नाही तं कुठं अडते, हे त्यांनी लिहिलं नव्हतं, आणि मास्तरांना त्याचाच राग आला. फळी बसली नाही तर आपण अडली ती जागा बोटाने दाखवतो, हा त्यांचा नियम. त्यांनी विद्यापीठाला लिहिलं की कागदावर विश्वास नसेल तर माणूस पाठवून काम तपासून घ्या. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं नाही. मग एक दिवस ते रंधा मारता मारता थांबले आणि म्हणाले की चूक आपली हाये. सुताराची परीक्षा पाठवाची तं आपण कागद पाठवून राह्यलो.

त्यांनी ठरवलं की अर्जासोबत खुर्ची पाठवायची.

मी आधी समजलो की गंमत करून राहिले. मास्तर गंमत करत नसत हे मला तीन वर्षं माहीत होतं, तरी त्या दिवशी मी तशी आशा केली. त्याच दिवशी डावी पेन्सिल काढून त्यांनी विद्यापीठाच्या मुख्य अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. ते मी पोस्टात टाकायला नेताना वाचलं. अर्ज करण्यास कारण की, आपणांस नमुन्याची खुर्ची करून पाठविणे आहे, तरी आपली बैठक किती इंच ती कळवावी, खडूने भिंतीवर खूण करून मोजल्यास सोपे जाईल. खाली सही आणि हुद्दा. मी ते पेटीत टाकलं. टाकावंच लागलं, मास्तर दारात उभे राहून पाहत होते.

या पत्रालाही उत्तर आलं नाही. मास्तर म्हणाले, ठीक हाये, आपण आपल्या अंदाजानं करू.

आमच्या वर्गात काम करायची एक रीत होती. मास्तर आकडे सांगत नसत. आकडा ऐकताना चुकतो, लिहिताना चुकतो. ते बांबूची एक काडी हव्या त्या मापाला कापून हातात देत, आणि तुम्ही त्या काडीवरून लाकडावर खूण करायची. पायांसाठी एक काडी, पाठीसाठी एक, बैठकीसाठी एक. काम झालं की काड्या चुलीत. दुसरी रीत अशी की करणाऱ्याने आपल्या खुर्चीवर बसायचं नाही. ज्याची आहे तो आधी बसेल. मास्तर स्वतः तर कोणत्याच खुर्चीवर बसत नसत, लाकडाच्या ओंडक्यावर उकिडवे बसत. बसलो का खोट दिसत नाही, म्हणत.

मला तीन काड्या मिळाल्या. सागवान त्यांनीच निवडून आणलं. मी अडीच महिने ती खुर्ची केली. पहिली छपरावरून पडली आणि मागच्या पायाचा सांधा केसभर उघडला, तो मलाही दिसला नसता. पण मास्तरांनी त्यात कागदाचा कपटा घालून दाखवला. ती खुर्ची लाकूड झाली. दुसरी पडली ती उजव्या मागच्या पायावर. पायाला नखाएवढा खड्डा पडला, पण सांधे मिटलेलेच राहिले. मी खड्डा घासून काढायला निघालो तर मास्तरांनी हात धरला. राहू दे, पडली हाये हे त्याईले दिसलं पाह्यजे.

त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी खाणीचं सांगितलं. मास्तरही आधी राजूरच्या खाणीत होते, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. खाली बोगद्यात छताला लाकडी टेके लावायचं काम. अकरा सालं केलं. त्यावर ते फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले:

"खाली टेका लावला का कोनी सर्टिफिकेट पुसत नाही. वर छत राह्यलं का तो पास. मले हीच एक परीक्षा समजते, बापू."

मला तेव्हा सांगावंसं वाटलं की त्याच छताखाली माझा बाप रोज उतरतो. सांगितलं नाही. आज वाटते, तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

खुर्ची आम्ही दोघांनी आळीपाळीने डोक्यावर घेऊन स्टेशनावर नेली. अर्ज मेणकापडात गुंडाळून बैठकीखाली बांधला होता. पार्सलबाबूने विचारलं, काय आहे. मास्तर म्हणाले, अर्ज. बाबूने खुर्चीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून रूळ पाहत राहिलो. सोबतच्या पत्रात मास्तरांनी लिहिलं होतं की आपल्याकडे जितक्या मजल्यांची इमारत असेल तितक्या उंचीवरून ही खुर्ची सोडून पाहावी. सांधा उघडल्यास अर्जदारास नाकारावे. न उघडल्यास घ्यावे. लाजेने माझं तोंड घरी जाईपर्यंत तापलेलं होतं.

महिन्याभराने अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत 'अपात्र' असं लिहिलं होतं. खुर्चीचा उल्लेख नव्हता आणि खुर्चीही नव्हती. मी त्या लाल शब्दाकडे पाहत बसलो. मास्तर मात्र खुलले.

"अर्ज परत आला, खुर्ची नाही आली. म्हंजे अर्धं मंजूर हाये."

आणि त्यांनी नव्याने पत्रव्यवहार सुरू केला. एक तर खुर्ची परत करावी, नाही तर विद्यार्थ्यास प्रवेश द्यावा, या दोहोंपैकी काय ते कळवावे. दर पंधरा दिवसांनी हे पत्र जाई. गावात सगळ्यांना ठाऊक झालं. पानठेल्यावर मला पाहून एक जण रोज विचारायचा, काय रे, तुझी खुर्ची कितवीत हाये आता? आणि हे चालू असताना जून गेला, दिवाळी गेली, पुन्हा उन्हाळा आला, आणि बाबा रोज पहाटे डब्यात भाकर घेऊन खाली उतरत राहिले. त्या साली ते खोकायला लागले होते. आईने ते मला सांगितलं नाही, मी ऐकलं.

मी मॅट्रिकचा बाहेरून बसायचा फॉर्म भरला. मास्तरांना न सांगता. शुल्क माझं, पुस्तकं मागून आणलेली. पण वणी केवढी? चार दिवसांत त्यांना कळलं. मी सकाळी शेडमध्ये गेलो तर ते पटाशी घासत होते. मान वर न करता विचारलं, फॉर्म भरला म्हनते लोक. मी हो म्हटलं. ते म्हणाले, म्हंजे आपली परीक्षा कमी हाये हे तूच लिहून दिलं त्याईले.

मग माझं डोकं फिरलं. आयुष्यात मी मोठ्या माणसाला तसं बोललो नव्हतो आणि नंतरही कधी बोललो नाही.

"मास्तर, तुमच्या खुर्चीपायी माझा बाप एक साल जास्त खाली राह्यला. मी बी.ए. झालो का तो वर येनार हाये. तुमाले परीक्षा समजते, मले बाप समजते."

पटाशी थांबली. मास्तर माझ्याकडे पाहत राहिले, या वेळी गुडघ्याकडे नाही. जिनिंगचा भोंगा झाला. मग त्यांनी माझं नाव घेतलं. रजिस्टरातलं पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. म्हणाले, जा, अभ्यास कर. त्यांना माझं नाव येत होतं हे मला त्या दिवशी समजलं, आणि काकू का घाबरल्या होत्या तेही.

त्यानंतर रस्त्यात भेटले की ते पूर्ण नावाने हाक मारत, परक्याला मारावी तशी. कसं चाललं विचारत. मी बरं म्हणत असे. मला त्यांचा राग होता, आणि राग खरा होता. पण त्या पूर्ण नावाने जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नसतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी पायावर डोकं ठेवून मोकळा झालो असतो.

पहिल्या वर्षी इंग्रजीत गेलो. दुसऱ्या वर्षी कसाबसा निघालो. मग यवतमाळला कॉलेज. सकाळी तास आणि दुपारनंतर एका फर्निचरवाल्याकडे खिळे ठोकायचं काम. हो, खिळे. त्याच्याकडे सगळं खिळ्यांवर होतं. पहिला खिळा ठोकला त्या दिवशी मी मागे वळून पाहिलं, दारात कोणी उभं आहे का म्हणून. चार सालं अशी गेली आणि मी बी.ए. झालो. निकाल लागला त्या आठवड्यात बाबांनी खाणीतली बत्ती कायमची जमा केली. घरी आले, अंगणात खाट टाकली आणि दिवसभर उन्हात पडून राहिले. आईने सावलीत या म्हटलं तर नको म्हणाले.

पदवीचा कागद घ्यायला मी विद्यापीठात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने सही घेतली आणि कागद यायला वेळ आहे, तिकडे बसा म्हणून व्हरांड्याकडे हात केला. व्हरांड्यात लोखंडी बाकं होती, आणि शेवटी भिंतीला टेकून एक सागवानी खुर्ची. मी जवळ गेलो नाही. लांबूनच उजवा मागचा पाय पाहिला. नखाएवढा खड्डा होता.

कारकून माझ्या मागोमाग आला. बहुतेक माझा चेहरा काही बरा दिसत नसावा. मी विचारलं, ही कोणाची. तो म्हणाला, तोच तर घोळ आहे. ही खुर्ची कोणाचीच नाही. दरसाल सामानाची मोजणी होते आणि दरसाल एक खुर्ची जास्त भरते. ती का भरते याचा खुलासा वर पाठवावा लागतो, आणि खुलाशासोबत जुनं पत्र जोडावं लागतं. त्यामुळे सुतारकामाच्या परीक्षेला बरोबरी द्यावी की खुर्ची परत करावी, हा विषय दरसाल समितीपुढे येतो. कागद असता तर कधीच फाईलमध्ये दबला असता. खुर्ची फाईलमध्ये जात नाही हो, तो म्हणाला. समिती काय म्हणते, मी विचारलं. विचाराधीन, तो म्हणाला.

"आणि एक म्हातारा येतो दर जूनमध्ये. वणीकडचा आहे. निकाल लागला का विचारतो, सगळे सांधे अंगठ्याने दाबून पाहतो, खिशातल्या फडक्याने पुसतो आणि जातो. आम्ही म्हणतो, बसा. बसत नाही. ज्याची आहे तो अजून बसला नाही, म्हणतो."

मी बोटांवर जून मोजले. सहा जून झाले होते. मी मॅट्रिक नापास झालो तेव्हा, पास झालो तेव्हा, त्या फर्निचरवाल्याकडे खिळे ठोकत होतो तेव्हा, दर जूनला हा माणूस आगगाडीत बसून इथे येत होता.

मग मी त्या खुर्चीवर बसलो. माझ्या हातची पहिली खुर्ची, जिच्यावर मी बसलो. पाठ नीट टेकली, मांड्या सपाट राहिल्या, आणि दोन्ही पावलं टाचेपासून बोटांपर्यंत जमिनीला लागली. गुडघ्यामागे कुठे टोचत नव्हतं, कुठे पोकळ राहत नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की त्या काड्या मास्तरांनी विद्यापीठाच्या साहेबाच्या अंदाजाने कापल्या. मी व्हरांड्यात बसून रडलो. कारकुनाला वाटलं मी पदवीच्या आनंदाने रडतो आहे, आणि तो पाणी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी वणीला उतरलो आणि तडक शेडवर गेलो. मास्तर थकले होते, केस सगळे गेले होते, पेन्सिली मात्र दोन्ही जागेवर होत्या. एक नवा विद्यार्थी टेबल करत होता. मी पाहतो आहे हे पाहून मास्तरांनी मला पूर्ण नावाने हाक मारून सांगितलं की हे या पोट्ट्याच्या अर्जाचं हाये. खुर्ची एकटीच हाये तिथं, म्हणून त्याईचं ठरून नाही राह्यलं. टेबल गेलं का काही ना काही ठरवाच लागन.

मी पदवी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, आणि शिडीकडे चालू लागले. मी म्हटलं, मास्तर, पायाले जपा. त्यांनी ऐकलं नाही. हळूहळू वर चढले, काठाशी उभे राहिले, खाली कोणी नाही ना हे दोनदा पाहिलं आणि कागद सोडला. तो सरळ खाली आला नाही. वाऱ्यावर इकडे गेला, तिकडे गेला, आणि बऱ्याच वेळाने रंध्याच्या भुशावर येऊन पडला. मी उचलून झटकला. मास्तर उतरले.

"काही झालं?"

"नाही."

"होनारच नाही. कागदाले पडनं समजत नाही." त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन नीट घडी केली आणि परत दिला. मग बाबा कसे आहेत, विचारलं. वर आले, मी म्हटलं. दिवसभर उन्हात बसते. मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते समजलं.

"खुर्ची पाह्यली?"

"पाह्यली. सांधे मिटलेले हायेत."

"ते मले माहीत हाये. बसला?"

"बसलो."

ते थांबले. मी म्हटलं, पाय टेकले, मास्तर. पूर्ण टेकले.

मास्तर त्या नव्या टेबलाकडे वळले, एका कोपऱ्यावर अंगठा फिरवला, कोपरा काटकोनात आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं आणि माझ्याकडे न पाहता मागे हात केला.

"साडेसतरा, तो गुण्या दे इकडं."

गुण्या अजूनही त्याच खुंटीला होता. मी तो काढून त्यांच्या हातात दिला.